अत्यावश्यक तेवढंच विचारा

३ नोव्हेंबर

आजपासून रोजनिशी. कुणी वाचावी म्हणून नव्हे, विचार जागेवर राहावेत म्हणून. माझी बायको मर्ल हिचं मत असं की निवृत्त झाल्यापासून मी घरभर नुसत्या येरझाऱ्या घालतो. चूक. मी पाहणी करतो.

आजच्या पाहणीत आढळलेली गोष्ट: पुढच्या खोलीतला कॉम्प्युटर शेवटच्या घटका मोजतोय. बटण दाबलं, बाहेर जाऊन लिंबाच्या झाडाला पाणी घातलं, परत आलो, तरी पडद्यावर गोल फिरतंच आहे. जुनी सिस्टिम कंपनीने वाऱ्यावर सोडलीय. नवी या मशीनवर चालणार नाही म्हणे. ठीक. जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेली एक फुकटची सिस्टिम आहे, ती घालायची. आणि घालता घालताच डिस्कची वाटणी करायची. तीन हिस्से: एक सिस्टिमचा, एक मर्लचा, एक माझा. म्हणजे पुढे सिस्टिम कितीही वेळा बदला, आपापला माल आपापल्या हिश्शात सुरक्षित.

मर्लच्या हिश्शात तिची कॅरल जातील. आमच्या पोर्ट हॅनफर्डला तांब्याच्या खाणी होत्या तेव्हा खाणीतले लोक नाताळात जी गाणी म्हणत, ती. जुन्या फाटक्या वह्यांवर भिंग धरून तिने ती उतरवून घेतलीत, चार-चार आवाजांसाठी मांडलीत. यंदा गावाचा गायकवृंद मैदानावर तीच गाणार आहे. माझ्या हिश्शात माझं पुस्तक: 'डाव्या सीटवरून'. ड्रायव्हिंग लायसन्सच्या परीक्षकाचं आत्मचरित्र. पहिलं प्रकरण मधला भाग सोडल्यास पूर्ण.

संकल्प: आठवड्यात काम फत्ते. कुणाची मदत घेणार नाही.

५ नोव्हेंबर

मुलीला फोन केला. याला मदत म्हणत नाहीत. टॅमसिन देशाच्या उत्तर टोकाला, डार्विनला, एका हॉस्पिटलचे कॉम्प्युटर सांभाळते, तिलाही घरच्यांशी बोलावंसं वाटत असेल.

झालं असं की नवी सिस्टिम घालून देणारा इन्स्टॉलर चालू केला आणि त्याने लगेच प्रश्न सुरू केले. भाषा कोणती? देश कोणता? कीबोर्ड कसला? मशीनचं नाव काय ठेवायचं? तुझं नाव काय? मी उभं आयुष्य डाव्या सीटवर बसून लोकांना प्रश्न विचारले. उलट मला विचारायची कुणाची छाती झाली नाही. एकाने विचारलं होतं, खिडकी उघडू का. नापास.

टॅमसिन म्हणाली, डॅड, इन्स्टॉलरच्या प्रत्येक प्रश्नाला पायरी दिलेली असते. अत्यावश्यक, महत्त्वाचा, मध्यम, किरकोळ. तू एक पायरी ठरवायचीस. तिच्या खालचे प्रश्न तो विचारतच नाही, नेहमीचं उत्तर धरून पुढे जातो. त्याला डीफॉल्ट म्हणतात. आत्ता तो 'महत्त्वाचा'वर आहे, तिथेच राहू दे. डिस्कच्या वाटणीचं जेवढं विचारायला हवं तेवढं तो विचारेल. आणि आधी सगळ्या फायली दुसरीकडे काढून ठेव.

मी विचारलं, जाणकार लोक कुठली पायरी घेतात? म्हणाली, किरकोळ. म्हणजे सगळेच्या सगळे प्रश्न. पण डॅड, तू...

पुढचं ऐकायची गरज वाटली नाही. जाणकारांना 'किरकोळ' म्हणणाऱ्या व्यवस्थेबद्दल मात्र मनात अढी बसली.

फोन ठेवताना म्हणाली, मला पण एक सांगायचंय. विचारलं, इन्स्टॉलरबद्दल? नाही म्हणाली. म्हटलं, मग नंतर. एका वेळी एक विषय.

६ नोव्हेंबर

किरकोळ पायरी. प्रत्येक पावलाला अडवतो. घड्याळ कुठून लावू? हे घेऊ का, ते सोडू का? वाटणीपर्यंत पोचलो तर तिथे ऊत आला. कोष्टक कुठल्या जातीचं? हिस्सा सुरुवातीला घ्यायचा की शेवटी? फायली ठेवायची पद्धत कोणती? हिश्शाला लेबल काय? मालकासाठी किती टक्के जागा राखीव? मालक मीच, मग राखून कुणापासून ठेवायची?

दर दोन प्रश्नांमागे उठून पाहणी करत होतो. तेवढ्यात शेजारचा कॉन व्लाहोस बादलीभर निळे खेकडे घेऊन आला. जन्म बोटीवर गेलेला माणूस, कॉम्प्युटरशी संबंध शून्य, त्यामुळे मतं भरपूर. पडद्याकडे बघून म्हणाला, काय रे, पासपोर्टचा अर्ज भरतोयस का? म्हटलं, डिस्कची वाटणी करतोय. म्हणाला, आमच्या बापाच्या बोटीची वाटणी झाली तेव्हासुद्धा कुणी एवढं विचारलं नव्हतं, आणि आम्ही चार भाऊ होतो, चौघेही एकमेकांशी न बोलणारे.

बोलण्याच्या नादात त्याने बादली टेबलाखाली ठेवली. एक खेकडा बाहेर आला. मी पाय वर घेतले. त्यात प्लग निघाला. मशीन बंद.

अजून डिस्कवर काही लिहिलं गेलं नव्हतं, त्यामुळे नुकसान नाही. आजच्या दिवसाची नोंद 'सराव' अशी करावी. खेकडे उत्तम होते.

९ नोव्हेंबर

मध्यम पायरी. कमी प्रश्न, पण चोंबडे. घरच्या फायलींसाठी वेगळा हिस्सा ठेवायचा का? हो म्हणणार, तेवढ्यात मनात आलं, मर्लला जागा किती लागेल? स्वयंपाकघरात गेलो. ती पास्टीसाठी, म्हणजे खाणवाल्यांच्या मटण भरलेल्या करंज्यांसाठी, पीठ लाटत होती. विचारलं, तुझी कॅरल किती जागा खातात? म्हणाली, मला काय माहीत? सूर कधीपासून जागा खायला लागले?

मग तिचे प्रश्न सुरू. पास्टीत टर्निप घालू की नको? पडदे धुवायला काढू का? ती जुनी वल्ह्याची होडी कॉनला हवीय, देऊ का? कॅरलची एक कॉपी दुसरीकडे ठेवू का? आणि लिंडसे, फेब्रुवारीत आपल्याला...

मी हात वर केला. माझं डोकं अर्ध्या वाटणीत अडकलं होतं. सगळं उत्तर एकदम देतो म्हटलं आणि परत आलो. मशीन झोपी गेलं होतं. उठवायला कुठलं तरी बटण दाबलं तर पहिल्या पानावर.

माझ्या हातून काही चुकलेलं नाही. माणसाला दोन्हीकडून प्रश्न आले की कुणाचंही असंच होईल. दोष प्रश्नांचा आहे. विचार करतोय.

१० नोव्हेंबर

उपाय सापडला. साधा आणि थोर.

नाश्त्याला मर्लला पायऱ्यांची सगळी व्यवस्था समजावून सांगितली. म्हटलं, आजपासून हे घर 'अत्यावश्यक'वर. ज्याच्यावाचून काम अडेल तेवढंच मला विचारायचं. बाकीच्याला डीफॉल्ट. तिने विचारलं, कुणाचं डीफॉल्ट? म्हटलं, जे शहाणपणाचं असेल ते. म्हणाली, कुणाच्या शहाणपणाचं? म्हटलं, मर्ल, हा प्रश्न मध्यम पायरीचा झाला.

तिने सुरी उचलली. मग टोस्टला अगदी कडेपर्यंत लोणी लावलं आणि म्हणाली, बरं.

एवढ्या वर्षांच्या संसारात इतक्या चटकन पटलेली दुसरी गोष्ट आठवत नाही. नीट मांडणी केली की लोकांना पटतं.

१४ नोव्हेंबर

घरात कमालीची शांतता. ताटात येईल ते खातो. पडदे गेले, नवे आले, हिरवे. माझी खुर्ची व्हरांड्यात गेली. पलंगाचं तोंड फिरलं, त्यामुळे सकाळी उठून भिंतीवर आपटलो. होडी कॉनच्या अंगणात दिसली. मी एका शब्दानेही विचारलं नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

फक्त आज दुपारी सहज म्हटलं, काही विचारायचं नाही का तुला? नाही म्हणाली. अत्यावश्यकसुद्धा काही नाही? म्हणाली, आहे एक, पण ते विचारायचं नाहीये, सांगायचंय.

म्हटलं, सांगण्याच्या पायऱ्या अजून ठरलेल्या नाहीत.

परत 'बरं' म्हणाली. हे 'बरं' मला पहिल्याइतकं आवडलं नाही. आमच्याकडे नोव्हेंबरातच उन्हाळा तापतो, त्यामुळे असेल.

१५ नोव्हेंबर

आमच्या शेडमध्ये (गावातले निवृत्त पुरुष लाकूडकामाच्या निमित्ताने बायकांना उसंत देतात ती जागा) माझं व्याख्यान. विषय: 'डिस्कची वाटणी: तत्त्व आणि व्यवहार'. काम आठवड्यात फत्ते होणार या हिशोबाने नाव आधीच दिलं होतं. उपस्थिती मोजकी पण दर्जेदार. एक जण शेवटपर्यंत ड्रिल चालवत होता, तरी मान हलवत होता.

प्रश्नोत्तरांत कॉनने विचारलं, आतापर्यंत किती मशीनची वाटणी केलीस? म्हटलं, तत्त्व कळलं की आकडा गौण. म्हणाला, म्हणजे एकाचीही नाही. लोक हसले. व्याख्यान रंगल्याची खूण.

१९ नोव्हेंबर

उत्तरेकडून भट्टीसारखा वारा. एका जागी बसवत नाही.

मागच्या टाकीच्या नळाची पाहणी करत होतो. मर्ल व्हरांड्यात फोनवर होती. ऐकायचा इरादा नव्हता, पण नळ व्हरांड्याच्या अगदी जवळ आहे. म्हणत होती, नाही गं, त्याला अजून कुठे सांगितलंय... फेब्रुवारीत... हो, माझं सगळं मी केव्हाच वेगळं काढून घेतलंय... एकदा तिथे गेले की मग बघू.

नळ गळत नव्हता. संध्याकाळपर्यंत आणखी बऱ्याच वेळा बघितला. गळत नव्हता.

मला कसलीही काळजी वाटत नाहीये.

२१ नोव्हेंबर

विचारता येईल. कुठे जाणार आहेस, एवढंच तर विचारायचं. पण नियम मीच घातलाय, आणि मीच आधी मोडला तर तिला वाटेल, याला नियम झेपला नाही.

त्यापेक्षा कृती बरी. येत्या दोन दिवसांत कॉम्प्युटरचं काम संपवायचं. मर्ल मशीन चालू करेल, क्षणात उघडेल, आणि समोर तिचा स्वतःचा हिस्सा, वर तिचं नाव. आपण कुणाबरोबर संसार केला ते तिला त्या क्षणी कळेल. मग फेब्रुवारीबिब्रुवारी सगळं मागे पडेल.

२२ नोव्हेंबर

फायली बाहेर काढण्याचा दिवस. माझं पुस्तक पेनड्राइव्हवर ओढून सोडलं, डोळ्याचं पातं लवायच्या आत पोचलं. लिखाण आटोपशीर असलं की असं होतं. मर्लची कॅरल मोठी. मशीन म्हणालं, अजून बराच वेळ लागेल. थांबलो. उठलो. बसलो. परत उठलो. खिडकीतून बघितलं तर मर्ल कुंपणापाशी कॉनशी बोलत होती आणि हसत होती. मी गेल्यावर दोघं गप्प.

परत आलो तर कॉपी मध्येच थांबलेली. तेव्हा शांत डोक्याने विचार केला. 'अत्यावश्यक' पायरी म्हणजे काय? ज्याच्यावाचून अडत नाही त्यात लक्ष घालायचं नाही. म्हणजेच त्या पायरीवर इन्स्टॉलर मर्लच्या कॅरलना हात लावणार नाही. सरळ आहे. मग कॉपीची घाई कशाला?

टॅमसिनला विचारून खात्री करता आली असती. पण तिला परत तिचं ते दुसरं सांगत बसायचं असतं.

२३ नोव्हेंबर, सकाळ

झालं! झालं!

अत्यावश्यक पायरी लावली आणि इन्स्टॉलर माणसात आला. कोष्टक नाही, लेबल नाही, टक्के नाहीत. गुपचूप आपलं काम करत राहिला. हिस्से किती, कुठे, कुणाचे, काही विचारलं नाही; त्याला माझा अंदाज आला असावा. शेवटी एकच प्रश्न. वर लांबलचक मजकूर आणि खाली हो किंवा नाही. खूण आधीच 'नाही'वर होती. घाबरलेला परीक्षार्थीसुद्धा असाच पहिल्यांदा 'नाही' म्हणतो. अशा वेळी परीक्षकाने खंबीर राहायचं असतं. 'हो' दाबलं.

जेवणाआधी काम संपलं. आता बटण दाबून वळतो न वळतो तोच मशीन तयार. लिंबाचं झाड तहानलेलंच राहणार!

२३ नोव्हेंबर, दुपार

तीन हिस्से शोधतोय. एकच दिसतोय. तोही अख्खा. बाकीचे दोन त्याच्या आत असावेत.

२४ नोव्हेंबर

कॉनला मशीनचा वेग दाखवायला बोलावलं. म्हणाला, पळणारच रे, आत काही आहेच कुठे? मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, सोड आता असले उद्योग, आजोबा. आणि अभिनंदन हं! मी त्याला आठवण करून दिली की तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे.

टॅमसिनला फोन. एका परिचिताची अडचण म्हणून मांडली. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, डॅड, अत्यावश्यक पायरी म्हणजे तो हात लावत नाही असं नाही. म्हणजे तो विचारत नाही. स्वतःच ठरवतो. अख्खी डिस्क घेतो, जुनं सगळं पुसतो, एकच हिस्सा करतो. फक्त लिहायच्या आधी एकदा विचारतो, कारण ते परत फिरवता येत नाही. म्हणून तर खूण 'नाही'वर असते. त्या परिचिताने 'हो' म्हटलं?

म्हटलं, त्याला प्रश्न नीट मांडलेला वाटला नाही.

म्हणाली, त्याने बायकोला सांगितलं का?

म्हटलं, बायको सध्या फार कामात आहे.

२५ नोव्हेंबर

पेनड्राइव्ह उघडला. त्यात पुस्तक नाही. पुस्तकाकडे बोट दाखवणारं चिन्ह आहे. बोट पूर्वीच्या डिस्ककडे, आणि पूर्वीची डिस्क आता नाही.

ठीक आहे. पहिलं प्रकरण मला तोंडपाठ आहे. 'माझा जन्म' इथून सुरुवात होती.

मर्लचं काय?

२६ नोव्हेंबर

काम सोपं आहे. कॅरल आठवून परत लिहून काढायची. चार वर्षं ती या घरात गुणगुणतेय, भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, गाडीत. कागद घेऊन बसलो.

एकही सूर आठवला नाही. एकही नाही. एका गाण्यात तारा होता असं वाटतं. नाताळची गाणी म्हटल्यावर तारा असणारच.

२८ नोव्हेंबर

खाणीच्या संग्रहालयात जाऊन त्या जुन्या वह्या काढून घेतल्या. मला स्वरलिपी वाचता येत नाही, पण ठिपके तर दिसतात. दिसतील तसे उतरवत गेलो. एक ओळ झाली. नंतर लक्षात आलं, सगळे ठिपके एक रेघ खाली पडलेत. शाई पुसट, कागद हाताला लागला की तुकडे. हे सगळं तिने केलं. मी त्या वेळी पुढच्या खोलीतून ओरडत असे, दिवा किती वेळ चालू ठेवणार आहेस?

घरी आलो. मर्ल म्हणाली, कपाळाला शाई लागलीय. कुठून लागली ते विचारलं नाही.

उद्या तिला सांगणार. नक्की.

३० नोव्हेंबर

सांगितलं नाही. एक गोष्ट लक्षात आली. इतक्या दिवसांत मर्लने कॉम्प्युटरला हातसुद्धा लावलेला नाही. कॅरलचा कार्यक्रम तोंडावर आला तरी. हे माझ्या पथ्यावरच पडलं. पण मग ती काम कशावर करते?

१ डिसेंबर

जेवणाच्या टेबलावर, घडी केलेल्या टेबलक्लॉथखाली एक लॅपटॉप आहे. नवा कोरा. मर्लचा. मी गेले काही आठवडे त्याच्यावरच पेपर ठेवून वाचतोय. उघडला. सगळी कॅरल आत, एकूण एक. फायलींवर तारीख अकरा नोव्हेंबर. म्हणजे मी घरात पायऱ्या लावल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी.

सुटलो! असं वाटलं. खरंच वाटलं. उभ्या उभ्या खुर्चीला धरून हसलो.

मग ते आठवलं: माझं सगळं मी केव्हाच वेगळं काढून घेतलंय.

५ डिसेंबर

कपड्यांच्या दोरीखाली मोठी सूटकेस उघडून उन्हात टाकलीय. वास जावा म्हणून.

मी पन्हळी साफ केल्या. छपराच्या. मग गाडी धुतली. मग कुंपणाला रंग दिला. मर्ल म्हणाली, एवढ्या उन्हात कशाला मरतोयस? म्हटलं, पाहणीत आढळलं. पाणी देऊन गेली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. जायचं ठरवलेल्या माणसाचा आवाज असाच असतो, शांत.

तिच्याशिवाय राहता येईल का, याचा मी तटस्थपणे विचार केला. माझे गरम कपडे कुठल्या कपाटात असतात ते मला माहीत नाही. पण मुद्दा कपड्यांचा नाही.

८ डिसेंबर

मर्लला तालमीला सोडायला निघालो. सायलोच्या, म्हणजे धान्याच्या उंच कोठारांच्या, वळणावर ट्रक रांगेत होते. मी माझ्या विचारात. मर्ल म्हणाली, लिंडसे, स्टॉपचा बोर्ड होता.

होता. मी तो ओलांडला होता. न थांबता. या एका गोष्टीसाठी मी किती जणांना घरी पाठवलं असेल. गाडी कडेला घेतली. हँडब्रेक ओढला.

विचारून टाकलं. तू जाणार आहेस का?

हो म्हणाली. फेब्रुवारीत.

कायमची?

तिने आधी माझ्याकडे बघितलं आणि मग हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले, परत माझा चेहरा बघितला आणि थांबली. म्हणाली, वेड्या, तिकिटं दोन आहेत. तुझंही काढलंय. टॅमसिनला बाळ होणार आहे. तिच्याकडे जातोय आपण, दोन महिने.

मी म्हटलं, मला कुणी सांगितलं नाही. म्हणाली, तिने फोनवर सांगायचा प्रयत्न केला, तू म्हणालास एका वेळी एक विषय. मी लाटणं हातात घेऊन सांगायला गेले, तू हात वर केलास. मग तू म्हणालास, सांगण्याच्या पायऱ्या ठरलेल्या नाहीत. आम्ही म्हटलं, आता तूच विचारशील तेव्हा.

विचारलं, अजून कुणाला माहितीये? म्हणाली, सगळ्या गावाला. कॉनने अभिनंदनसुद्धा केलं ना तुझं?

मग मी डिस्कचं सांगितलं. सगळं. तो 'हो'सुद्धा. माहितेय म्हणाली, टॅमसिनने त्याच दिवशी कळवलं. म्हटलं, मग काही बोलली का नाहीस? म्हणाली, तुझी फजिती बघवत नव्हती आणि बघायचीही होती. लॅपटॉपचं म्हणशील, तर कॉपी दुसरीकडे ठेवू का म्हणून विचारलं होतं मी. उत्तर आलं नाही. शहाणपणाचं होतं ते केलं.

मागून ट्रकवाल्याने हॉर्न दिला. मी आरसा बघितला, इंडिकेटर दिला, मान वळवून बघितलं आणि गाडी रस्त्यावर घेतली. सगळं नियमाप्रमाणे. मर्ल म्हणाली, पास.

९ डिसेंबर

टॅमसिनला फोन. आधी प्रश्न काढून ठेवले होते, आरोग्य, आहार, हॉस्पिटलपर्यंतचा रस्ता असे गट पाडून. पण तिने फोन उचलल्यावर तोंडातून एवढंच आलं, कशी आहेस गं?

मग ती किती तरी वेळ बोलत होती. सुरुवातीच्या मळमळीबद्दल, डार्विनच्या दमट उकाड्याबद्दल, खोलीला कुठला रंग द्यायचा त्याबद्दल. मला एकदाही उठून पाहणी करावीशी वाटली नाही.

शेवटी म्हणाली, डॅड, ये, पण एक अट आहे. आमच्या घरातल्या कुठल्याही मशीनला हात लावायचा नाही. तत्त्वतः मान्य केलं.

१४ डिसेंबर

मैदानावर कॅरलचा कार्यक्रम. ट्रॅक्टरच्या ट्रेलरचं व्यासपीठ केलं होतं. अख्खं गाव खुर्च्या, चटया, बर्फ भरलेल्या पेट्या घेऊन लोटलं.

समितीने माझ्यावर वाहनतळाची जबाबदारी सोपवली. पलीकडच्या शेतात. एवढ्या गाड्या शिस्तीत लावायला अनुभवी माणूसच लागतो. गाड्या लावून झाल्यावर लक्षात आलं की वारा समुद्राकडून आहे आणि गाणं सगळं दुसऱ्या बाजूला चाललंय. मला फक्त जनरेटर ऐकू येत होता. शेत सोडून जावं तर कुणी दुसऱ्याच्या मागे गाडी लावली असती. ट्रेलरवर मर्ल दिसत होती, निळ्या ड्रेसमध्ये, लहानशी. हात हलत होते. मी तारेच्या कुंपणाला टेकून शेवटपर्यंत बघत राहिलो.

कार्यक्रम सुटला. गाड्या काढायला आलेला जो तो म्हणत होता, काय गायले! कॉन डोळे पुसत होता आणि धूळ गेली म्हणत होता.

घरी येताना मर्लने विचारलं, तिसरं कसं झालं? मी चार वर्षं बसवत होते ते.

मी म्हटलं, अप्रतिम. सगळ्यांत सरस तेच.

म्हणाली, ते गायलोच नाही आम्ही. ऐन वेळी मुख्य गाणाऱ्याचा आवाज बसला.

घरापर्यंत मी प्रत्येक वळणाला इंडिकेटर दिला. दार उघडलं, तिने बूट काढले, किटली लावली, दोन कप काढले. मग माझ्याकडे पाठ करूनच विचारलं, साखर किती घालू?

एवढ्या वर्षांत तिने हे कधी विचारलेलं नाही. ती घालते, मी पितो.

मी नीट विचार केला आणि सांगितलं. एक चमचा.

बरं म्हणाली. आणि दोन घातले.